सोमवारची प्रत

शाळेच्या फाटकावर एका मुलामागे आठ सेकंद लागायचे. तेवढ्यात बुटाची एक नाडीसुद्धा नीट बांधून होत नाही. पण मुलं चारशे दहा, फाटक एक आणि टॅबलेटही एकच. दुपारी एकला शाळा सुटली की शेवटचं मूल बाहेर पडेपर्यंत पावणेदोन-दोन व्हायचे. रांग कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानापर्यंत जायची, आणि दुकानदार रोज बाहेर येऊन म्हणायचा, "चष्मा घेणार नसाल तर निदान काचेला टेकू नका."

फाटकावर मेजर असायचे. ते सैन्यात कधीच नव्हते; आधी एका औषधांच्या गोदामावर पहारेकरी होते. पण मिशी आणि ताठ पाठ बघून पहिल्याच दिवशी कुणीतरी मेजर म्हटलं आणि ते चिकटलं. त्यांचं काम सोपं आणि जोखमीचं होतं. कुणी मूल न्यायला आलं की टॅबलेटवर मुलाचं नाव दाबायचं, मग न्यायला आलेल्या माणसाचं. त्या माणसाला आई-बापांनी परवानगी दिलेली असेल तर हिरवी खूण, नसेल तर लाल. हिरवी आली की मूल सोडायचं, लाल आली तर काही झालं तरी सोडायचं नाही.

"मेजर, झोपलंय कोण, तुम्ही की तुमचं यंत्र?" रांगेतून कुणीतरी ओरडायचं.

"मी जागा आहे. ते आत्ता कूस बदलतंय."

हे ॲप बनवलं होतं मामीने. ती पाच-सहा शाळांची आणि दोन दवाखान्यांची अशी कामं घरून करायची. तिला सगळी शाळा मामी म्हणायची, कारण दुसरीतली मुंगी तिला मामी म्हणायची. मुंगी म्हणजे तिच्या नणंदेची मुलगी. एका जागी स्वस्थ न बसणारी, आणि कुठेही गोड दिसलं की तिथे हजर, म्हणून मुंगी.

एक दिवस मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी मामीला बोलावून घेतलं.

"हे बघ, तक्रारी माझ्या डोक्यावरून चालल्यात. काल एका आजोबांना चक्कर आली रांगेत. एवढा वेळ का लागतो, ते मला समजेल असं सांग."

मामीने कागद पुढे ओढला. डाव्या बाजूला तिने फाटक काढलं, उजव्या बाजूला, अगदी काठावर, एक खोकं काढलं.

"हा सर्व्हर. दुसऱ्या शहरात आहे. मेजरांनी नाव दाबलं की टॅबलेट इथून तिथे विचारायला जातो. तिथे मोठं रजिस्टर उघडतं, मुलाची माहिती शोधली जाते, परवानगीची यादी काढतात, फोटो काढतात, सगळं गुंडाळून परत पाठवतात. प्रत्येक मुलासाठी एक फेरी. चारशे दहा फेऱ्या."

"रोज?"

"रोज. आणि गंमत म्हणजे रोज तेच विचारतो आणि रोज तेच उत्तर येतं."

मोठ्या बाई हसल्या. "म्हणजे आमच्या चौथीच्या वर्गासारखं. मग एकदाच विचारून लिहून का नाही ठेवत?"

"तेच करणार आहे," मामी म्हणाली. "एकदा मिळालेल्या उत्तराची प्रत टॅबलेटमध्येच ठेवायची. पुन्हा तोच प्रश्न आला की बाहेर जायचंच नाही, प्रत बघायची. आमच्यात याला कॅश म्हणतात. पैशांशी काही संबंध नाही."

"आणि ती प्रत जुनी झाली तर?"

मोठ्या बाईंनी बरोबर तिथेच बोट ठेवलं होतं. प्रत ठेवणं सोपं असतं, पण ती किती दिवस खरी मानायची हे ठरवताना माणसाची अक्कल लागते. मामीने विचार केला. मुलांची नावं बदलत नाहीत. परवानगीची यादी पालक वर्षाच्या सुरुवातीला एकदा भरतात आणि विसरून जातात. मधेच कधीतरी नवी आत्या येते, नवी शेजारीण येते, म्हणजे नावं वाढतात. म्हणून तिने असं ठरवलं की टॅबलेटने दर सोमवारी सकाळी सातला पूर्ण यादी आणायची आणि आठवडाभर तीच वापरायची. मात्र एखादं नाव प्रतीत सापडलं नाही, तर लाल दाखवण्याआधी सर्व्हरला ताजं विचारून घ्यायचं. म्हणजे नवी आत्या अडकणार नाही.

तिने पंचवीस वेळा करून बघितलं. घरी बसून नवं नाव घालायची आणि शाळेतल्या टॅबलेटवर मेजरांना दाबायला लावायची. दर वेळी हिरवं. नाव काढून मात्र तिने एकदाही बघितलं नाही. आपल्या वहीत तिने एक ओळ लिहून ठेवली होती: 'नाव काढलं तर टॅबलेटला कळवायची सोय करणे.' ओळीपुढे कंसात लिहिलं होतं, 'नंतर.'

पुढच्या सोमवारी शाळा सुटली आणि सव्वाला फाटक मोकळं झालं. आठ सेकंदांच्या जागी आता पापणी लवेपर्यंत हिरवं यायचं. इंटरनेट बंद पडलं तरी फाटक थांबत नसे. मोठ्या बाईंनी शिक्षकांच्या बैठकीत टाळ्या वाजवायला लावल्या. चष्म्याच्या दुकानदाराला बरं वाटायला हवं होतं, पण तो मेजरांना म्हणाला, "रांगेतले दोन-चार जण कंटाळून आत यायचे हो, त्यांनी निदान एखादा चष्मा तरी घेतला असता."

मेजर मात्र नव्या वेगावर तेवढे खूष नव्हते. एकदा मामी टॅबलेट तपासायला आली तेव्हा ते म्हणाले, "काम झकास झालंय, त्यात शंका नाही. पण मॅडम, पूर्वी ते गोल गोल फिरत बसायचं ना, तेवढ्यात मी माणसाशी बोलायचो. पोरगं त्याच्याकडे कसं बघतंय ते दिसायचं. आता मान वर करेपर्यंत पुढचा पुढे आलेला असतो."

"मग बोला की. कोण अडवतंय?"

"मागचे अडवतात. आता कुणाला अर्धा सेकंद थांबवत नाही."

मामी हसली आणि विसरून गेली.

तिच्या जिवाला तेव्हा दुसरा घोर होता. तिचा नवरा, म्हणजे मुंगीचा मामा, लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. सहा महिन्यांपूर्वी कंपनीने इथली शाखा बंद केली. पहिला महिना तो रोज कुठेतरी अर्ज द्यायला जायचा. दुसऱ्या महिन्यात सकाळी उशिरा उठायला लागला. तिसऱ्या महिन्यापासून त्याच्या शर्टाच्या खिशात पुदिन्याच्या गोळ्या सापडायला लागल्या, आणि गाडीच्या सीटखाली एक स्टीलची बाटली, जिच्यात पाणी नव्हतं. मामीने बाटली धुऊन ओट्यावर पालथी घातली. दोन दिवसांनी सीटखाली दुसरी बाटली होती.

कुणी विचारलं तर ती सांगायची, "पित्ताचा त्रास आहे त्याला. बाकी मजेत आहे."

आणि मजेतच दिसायचा तो. सगळ्यांना माहीत असलेला मामा तसाच होता, गप्पिष्ट, नकला करणारा, सगळ्या पोरांचा लाडका. मुंगीची आई, म्हणजे ताई, एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायची आणि मंगळवारी, शुक्रवारी तिला चारपर्यंत सुटका नसे. त्या दोन दिवशी मुंगीला मामा गाडीतून न्यायचा. फाटकावर आला की मेजरांना कडक सलाम ठोकायचा. "मेजरसाहेब, सीमेवर सगळं शांत आहे ना?" मेजरही सलाम करायचे. पोरं खिदळायची.

त्या मंगळवारी एकला वीस मिनिटं कमी असताना मामीचा फोन वाजला. ताई होती. मागे कुठलंसं यंत्र घरघरत होतं.

"कामात आहेस?"

"नाही, बोला ना ताई."

"शुक्रवारी मुंगी घरी आली ती हसत हसत. म्हणाली, आई, मामाने गाडी फुटपाथवर चढवली, आम्ही दोघं केवढे उडालो. मी म्हटलं, मग? म्हणाली, मग मामा म्हणाला, आईला सांगू नको, तिला अशा गमती कळत नाहीत."

मामीने लॅपटॉप मिटला.

"तुला माहीत होतं," ताई म्हणाली.

"ताई, त्याचं पित्त..."

"मी दिवसभर लोकांचं रक्त तपासते गं. मला पित्त शिकवू नकोस." मग तिचा आवाज खाली आला. "माझा पाठचा भाऊ आहे तो. चालायला मी शिकवलं त्याला. तोंडावर कसं सांगू, की माझ्या पोरीला हात लावू नकोस? चार रात्री झोपले नाही. शेवटी आज सकाळी ॲपमधून त्याचं नाव काढलं. 'बदल नोंदवला' असं आलं. शेजारच्या काकूंचं नाव घातलंय, त्या आणतील तिला."

"त्याला सांगितलंत?"

"नाही. फाटकावर लाल येईल, मेजर नाही म्हणतील, त्याला कळेल काय ते. भ्याडपणा आहे, मला समजतं. पण तुझंच ॲप आहे ना? माझ्या वतीने त्या ॲपलाच 'नाही' म्हणू दे."

फोन ठेवल्यावर मामी तशीच बसून राहिली. आधी तिला अपमान वाटला. मग, लाज वाटावी इतकं हलकं वाटलं. इतके महिने जे आपल्याला जमलं नाही ते कुणीतरी केलं. मामा तासाभरापूर्वीच गाडी घेऊन निघाला होता. जाताना दाराच्या चौकटीला खांदा लागला तेव्हा दारालाच 'सॉरी' म्हणाला होता. ती हसली होती. आता ते आठवून तिला हसू येईना.

तेवढ्यात आणखी काहीतरी तिच्या मनात सरकलं. आज मंगळवार. ताईने नाव काढलं आज सकाळी. टॅबलेटने यादी आणली काल, सोमवारी सात वाजता.

कालच्या यादीत तो होता.

तिने लॅपटॉप ओढला. सर्व्हरवर मुंगीचं पान उघडलं. आई, बाबा, शेजारच्या काकू. मामा नाही. इथे सगळं बरोबर होतं. पण टॅबलेट इथे विचारायला येणारच नव्हता. काकूंचं नाव त्याच्या प्रतीत नव्हतं, म्हणून काकूंसाठी तो विचारेल. मामाचं नाव प्रतीत होतं. ज्याला उत्तर आधीच माहीत आहे तो कशाला विचारेल? हिरवी खूण येणार. आज येणार, शुक्रवारी येणार, पुढच्या सोमवारी सकाळी सातपर्यंत येतच राहणार.

घड्याळात बारा छप्पन्न.

तिने सर्व्हर सरळ बंद करून टाकला. काय उपयोग? सर्व्हर बंद असला तरी फाटक चालू राहील अशी सोय तिनेच केली होती, आणि त्याबद्दल टाळ्या घेतल्या होत्या. तिने तो पुन्हा चालू केला. मेजरांचा फोन लावला. शाळा सुटताना तो खणात ठेवायचा असा नियम होता, तो खणातच वाजत राहिला असणार. मोठ्या बाईंचा फोन बंद. शेवटी कार्यालयातल्या लिपिक बाईंनी उचलला.

"अहो, मुंगीला मामाबरोबर सोडू नका, मेजरांना जाऊन सांगा, लगेच."

"कोण बोलतंय?"

"मी मामी. ॲपवाली."

"फोनवर कुणीही स्वतःला मामी म्हणवेल हो. फोनवरून मूल थांबवता येत नाही आणि सोडताही येत नाही, नियम आहे. ॲपमध्ये बदल करा, तिथे लगेच होतं."

"बाई, ॲपमध्येच गडबड आहे."

"ॲपमध्ये? रोज तर झकास चालतंय. बरं, शाळा सुटायची वेळ झाली, घंटा द्यायचीय." फोन बंद झाला.

मामी चपला अडकवून रस्त्यावर आली, रिक्षा थांबवली. शाळा दहा-बारा मिनिटांवर. रिक्षात बसल्या बसल्या तिने मामाला फोन लावला. दुसऱ्याच रिंगला त्याने उचलला.

"बोला सरकार."

त्याच्या आवाजात ते ओळखीचं ओलं जडपण होतं. शब्दांच्या कडा झिजल्यासारख्या.

"कुठे आहेस?"

"रांगेत. रांग कसली, पळतेय नुसती. तुझी करामत."

"तू ये घरी. मुंगीला मी आणते आज."

"का? मी काय मेलोय?"

आत्ता सांगायचं होतं. एकच वाक्य होतं. रिक्षावाला आरशातून बघत होता. मामी म्हणाली, "टॅबलेट बिघडलाय. उगाच खोळंबा होईल तुझा."

तो मोठ्याने हसला. "अगं माझ्यासमोर सटासट हिरवं दाखवतोय! आणि मेजर ओळखतात मला. चल, नंबर आला."

टॅबलेट यादी जुनी वापरत असला तरी एक काम तो इमानाने ताजं करत होता. मूल सोडलं की त्याची नोंद लगेच सर्व्हरला पाठवायचा. ती नोंद मामीला फोनवर दिसायची. रिक्षा सिग्नलला थांबली आणि तिने बघितलं. एकामागून एक ओळी वर येत होत्या. कुणाचा आजोबा, कुणाची आई, कुणाची आत्या. चार ओळी, पाच ओळी. मग एक ओळ आली: मुंगी. कुणाबरोबर: मामा. एक वाजून सहा मिनिटं.

त्यानंतरच्या ओळीही तशाच शांतपणे येत राहिल्या.

ती फाटकाशी उतरली तेव्हा सव्वा होत आला होता. रिक्षावाल्याला तिने थांबायला सांगितलं. फाटक जवळजवळ रिकामं. शेजारच्या काकू हातात पिशवी घेऊन गोंधळून उभ्या होत्या आणि मेजर त्यांना समजावत होते.

"तुमचं नाव आहे की यादीत, हिरवं येतंय. पण पोरगी आधीच गेली, त्याला मी काय करू?" मग त्यांना मामी दिसली. "काय मॅडम, तुम्हीपण? आत्ताच गेले दोघं. तिला खांद्यावर घेऊन नाचत गेला."

"मेजर, तो कसा होता?"

"कसा म्हणजे?"

"तुम्हाला वास आला?"

मेजरांचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांनी टॅबलेटकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मी... हिरवं आलं होतं मॅडम. मी हिरवंच बघितलं. तुम्हीच सांगितलं होतं, हिरवं आलं की सोडायचं."

"हो," मामी म्हणाली. "मीच सांगितलं होतं."

तिने तिथेच उभं राहून पुन्हा फोन लावला. या वेळी गाडीतल्या स्पीकरवर लागला. आधी रस्त्याचा आवाज आला, मग मुंगीचा, "मामी! आम्ही गाणं म्हणतोय, मामा सगळे शब्द चुकतोय!"

मागून एक लांब हॉर्न वाजला आणि कुणीतरी शिवी दिली. मुंगी खिदळली.

"काय गं सारखी?" मामा म्हणाला.

"तू प्यायला आहेस," मामी म्हणाली. "गाडी बाजूला घे."

इतक्या महिन्यांत तिने हा शब्द पहिल्यांदा उच्चारला होता. फाटकावर मेजर आणि काकू ऐकत होते. तिला त्यांचं काही वाटलं नाही.

"पोरीसमोर काय बोलतेस?"

"पोरगी आहे म्हणूनच बोलतेय. बाजूला घे. आत्ता."

बराच वेळ नुसता इंजिनाचा आवाज. मग वेग कमी झाला. मग गाडी कशाला तरी घासल्यासारखा खरखराट, आणि शांतता. त्या शांततेत धोक्याच्या चारही दिव्यांची टिकटिक.

"घेतली," तो म्हणाला. "पेट्रोल पंपाच्या पुढे. बस?"

"ताईने आज सकाळी तुझं नाव काढलंय."

"मेजरांनी तर सोडलं मला."

"ती माझी चूक. तो टॅबलेट जुनी यादी दाखवतोय. सोमवारची."

"म्हणजे तिथे मी अजून आहे."

"हो."

"पुढच्या सोमवारपर्यंत."

"हो."

"आणि तुझ्याकडे?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजातली मस्करी संपली होती. मामी थांबलेल्या रिक्षाकडे चालू लागली.

"बरं," तो म्हणाला. फोन बंद झाला.

रिक्षात बसताना तिने ताईला फोन केला, जागा सांगितली, आणि जे झालं ते काहीही न लपवता सांगितलं. ताई एवढंच म्हणाली, "निघाले."

पेट्रोल पंपाच्या पुढे गाडी एका अर्धवट इमारतीच्या पत्र्याच्या कुंपणाला चिकटून उभी होती. बाजूचा आरसा तुटून लोंबत होता. दिवे अजून उघडझाप करत होते. मुंगी मागच्या सीटवर पट्टा लावून, दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. मामीने दार उघडलं, तिला चाचपलं, डोकं, हात, गुडघे. कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. मामी तिथेच खाली बसली.

"मामा म्हणाला मामी येते, हलू नकोस," मुंगी म्हणाली.

"मामा कुठे गेला?"

"माहीत नाही. किल्ली माझ्याकडे दिली. मामी, पिणं म्हणजे काय पिणं? पाणी नाही ना?"

मामीने तिच्याकडे बघितलं. "पाणी नाही," ती म्हणाली. "एक औषधासारखं कडू असतं. मोठी माणसं दुःख विसरायला पितात. मग दुःख राहतं आणि बाकीचं विसरतात. ते पिऊन गाडी चालवायची नसते. मामाने चालवली, ते चुकलं. मला माहीत होतं आणि मी कुणाला सांगितलं नाही, ते त्याहून चुकलं."

मुंगीने विचार केला. "मग त्याला शोधूया आणि सांगूया."

सीटवर मामाचा फोन पडला होता. म्हणजे त्याला फोनही करता येणार नव्हता. दहा मिनिटांत ताई पोचली, प्रयोगशाळेचा पांढरा कोट अंगात तसाच. तिने मुंगीला छातीशी घट्ट धरलं आणि तिच्या डोक्यावरून मामीकडे बघितलं. तिला खूप काही बोलायचं होतं हे दिसत होतं. पण तिने विचारलं एवढंच, "तो कुठे आहे?"

समोर टायर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. मामी तिथे गेली. फोनमधला नवऱ्याचा फोटो काढून तिने दुकानदारापुढे धरला. दोन वर्षांपूर्वीचा फोटो होता. भरलेले गाल, दाढी केलेली, हसताना मिटलेले डोळे.

"हा माणूस इथून गेला का?"

दुकानदाराने काळे हात पुसून फोन जवळ घेतला. "नाही. असा कुणी नाही गेला." तो फोन परत करता करता थांबला. "एक जण उतरला त्या गाडीतून. पण तो हा नव्हे. तो अगदी खंगलेला होता, दाढी वाढलेली, शर्ट अंगावर टांगल्यासारखा. माझ्या अंदाजाने पन्नाशीचा."

मामीने फोटोकडे बघितलं. रोज सकाळी ती त्याच्यासमोर बसून चहा प्यायची. रोज.

"तोच," ती म्हणाली. "कुठे गेला?"

"तिथे आत." दुकानदाराने पत्र्याच्या कुंपणातल्या फटीकडे बोट केलं. "काम वर्षभर बंद आहे तिथलं. पण म्हणाला, मी लिफ्टवाला आहे, लिफ्ट बघायला आलोय. म्हटलं असेल बुवा."

ताईने ते ऐकलं आणि मुंगीचा चेहरा आपल्या कोटात दाबून धरला. मामी फटीतून आत गेली. आत सिमेंटचा, ओल्या अंधाराचा वास होता. मधोमध लिफ्टची उभी पोकळी होती. तिला दार नव्हतं, नुसती एक फळी आडवी ठोकलेली होती, आणि ती फळी एका बाजूने सुटून खाली लोंबत होती. मामीने वर बघितलं. कितीतरी मजले, आणि अगदी टोकाला पांढऱ्या उजेडाचा एक चौकोन.

तिने त्याला हाक मारली. आवाज भिंतींवर आपटत वर गेला.

मग वरून, किती वरून ते कळेना, थोडी वाळू खाली सांडली.

"वर येऊ नकोस," त्याचा आवाज आला. आता तो अजिबात जड नव्हता.

आवाज होऊ नये म्हणून मामीने चपला काढल्या आणि पोकळीशेजारचा जिना चढायला सुरुवात केली.